माझ्या आईचं काम करणारी कुमुद

कुमे, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते मी परवाच टीव्हीवाल्या मुलीशी बोलून संपवलं. तिचा फोन आला. "आजी, तुम्ही कुमुदताईंच्या बालमैत्रीण ना? एखादी हृद्य आठवण सांगा ना, दोन मिनिटांत." मग मी सांगितलं की आम्ही तिसगावच्या शाळेत एका बाकावर होतो, तू फार साधी होतीस, एवढी मोठी झालीस तरी मला विसरली नाहीस. दोन मिनिटांत सगळं बसवलं. खाली पट्टीवर माझं नाव सरस्वतीऐवजी सरिता असं आलं. नातसून म्हणाली, फोन करून सांगू का त्यांना? म्हटलं, राहू दे, त्यांना नावाशी काय करायचंय, त्यांना तुझी कुणीतरी हवी होती.

तेव्हा चांगलं बोलून झालेलं आहे. आता उरलंय ते चांगलं नाही, आणि तुझ्याखेरीज कुणाला सांगण्यासारखंही नाही. मी तुझ्यावर आयुष्यभर जळले. हे तुला ठाऊक होतं. "सरे, तुझ्या डोळ्यांत मिरची गेलीय," असं म्हणून तू हसायचीस आणि मीही हसायचे. पण किती जळले, आणि त्या भरात काय करून बसले, ते तुला ठाऊक नव्हतं. तू जाऊन आज नववा दिवस. पेपरात अजून तुझंच चालू आहे. 'मराठी पडद्यावरची आई हरपली' असं एकाने छापलं, की बाकीच्यांनीही तेच छापलं. वाचून माझ्या मनात काय आलं सांगू? कुणाची आई? ती तर माझी आई होती.

तुझे वडील तिसगावच्या शाळेवर मास्तर म्हणून बदलून आले तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. तुझी आई त्याआधीच गेलेली. मास्तरांना खिचडीपलीकडे काही रांधता येत नव्हतं, आणि तीही करपायची. माझे वडील, दादा, शाळेत काही कामाला गेले आणि मास्तरांना सांगूनच आले, "पोरगी आमच्यात जेवंल. चार तोंडं हायेत, पाच झाली." मला कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून तू रोज दोन्ही वेळेला आमच्या चुलीपुढे.

आमच्या आईची एक रीत होती. ती दुसऱ्या कुठल्या घरात मी पाहिली नाही. पाहुण्याच्या ताटात ती अख्खी भाकरी वाढायची आणि घरच्या माणसाला हातावर मोडून अर्धी. दुसरी अर्धी टोपल्यात. तिचं म्हणणं असं, की "पाव्हना लाजतो, त्यो मागत न्हाई. त्येला येकदमच द्यावी. घरचं मानूस मागून घेतंय." आम्हाला यात काही विशेष वाटायचं नाही. अर्धी संपली की ओरडायचं, आई, भाकर!

तुला मात्र अख्खी मिळायची. वर्षभर मिळत होती. मग एक दिवस, ज्वारीची खुडणी चालू होती, आई दमून आली होती, आणि तिने काही न बोलता भाकरी मोडली आणि अर्धी तुझ्या ताटात टाकली. तू तेवढीच खाल्लीस, ताट उचललंस आणि घरी गेलीस. दुसऱ्या दिवशी जेवायला आलीच नाहीस. तुला वाटलं, आता आपलं ओझं व्हायला लागलं, म्हणून अर्ध्यावर आणलं. आईला ते कळलं तेव्हा ती डोक्यावरचा पदर सावरत थेट शाळेत आली, भर वर्गात. मास्तर खडू हातात धरून उभेच राहिले. "आगं येडे," आई तुला म्हणाली, "अर्धी दिली म्हंजी तू आता पाव्हनी न्हाईस. मागायची हुतीस की!" तू तिच्या पोटाला मिठी मारलीस. तोवर तू तिला मावशी म्हणायचीस, त्या दिवसापासून आई म्हणायला लागलीस.

मी त्याच वर्गात, त्याच बाकावर बसले होते. मला रोजच अर्धी मिळत होती, पण ती काही चीज असते हे मला त्या दिवशी, तुला मिळाल्यावर कळलं. मत्सराची सुरुवात विचारशील तर तिथून आहे.

आणखी एक अदलाबदल आपल्यात झाली, तिच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. तू मास्तरांची मुलगी, 'आहे', 'नाही', 'पाणी' असं स्वच्छ बोलणारी. आमच्या चुलीपुढे तू 'हाय', 'न्हाई', 'पानी' शिकलीस. मी त्याच वर्षांत तुझ्या वडिलांकडून 'आहे' शिकले. मास्तर म्हणायचे, सरू, तुला शिक्षिका व्हायचंय, वाणी सुधार. मी सुधारली. इतकी सुधारली, की सुट्टीत घरी आल्यावर आई मला म्हणायची, "तू बोलाया लागलीस की मला सायब आल्यासारखं वाटतंय." मी माझी बोली टाकून मास्तरीण झाले आणि तू तीच उचलून नटी झालीस. पेपरात तुझ्या 'अस्सल ग्रामीण बोली'वर रकानेच्या रकाने आलेत. ते मी वाचते आणि शुद्ध मराठीत कुढते.

मास्तरांची पुण्याला बदली झाली आणि तू गेलीस. नाटकात शिरलीस, मग सिनेमात. हे बाकी सगळं छापून आलंय, मी लिहीत नाही. एवढंच लिहिते, की सत्ताविसाव्या वर्षी दिग्दर्शकाने तुला म्हटलं, चेहरा हिरोईनचा नाही, पण आई म्हणून झकास दिसशील. तू ते पत्रात लिहिलं होतंस आणि मला बरं वाटलं होतं. हो, बरं वाटलं होतं. म्हटलं, घ्या, गेली पुण्याला आणि झाली म्हातारी. तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या हिरोला तू लेकरा म्हणून हाक मारणार, याचं मी शाळेतल्या इतर बायांपुढे हसून हसून वर्णन केलं.

हसू फार दिवस टिकलं नाही. मढीच्या जत्रेत तंबू लागला आणि त्यात तुझा सिनेमा आला. आम्ही बैलगाडीने गेलो. बायकांच्या बाजूला घोंगडी टाकून आई मध्ये, एका अंगाला मी. आणि तो प्रसंग आला, जो आता गेले नऊ दिवस सगळे फोनवर एकमेकांना पाठवताहेत. भांडून गेलेला मुलगा सात वर्षांनी घरी येतो. आई एक शब्द बोलत नाही. त्याला ताट वाढते आणि त्यात अख्खी भाकरी ठेवते. तो ताटाकडे बघतो, तिच्याकडे बघतो. ती थांबते. मग तीच भाकरी उचलते, हातावर मोडते, अर्धी ताटात टाकते आणि उरलेली अर्धी टोपल्यात ठेवून त्याच्याकडे पाठ फिरवते. झालं. तंबूतल्या बायका हमसून रडायला लागल्या. त्यांच्या कुणाच्या घरी ही रीत नव्हती, तरी सगळ्यांना समजलं.

मागाहून तू मला सांगितलंस, की हे गोष्टीत लिहिलेलंच नव्हतं. दिग्दर्शकाने विचारलं, हे काय केलंत बाई? तर तू म्हणालीस, आमच्यात असंच असतं. आमच्यात! कुमे, त्या एका शब्दावर मी तुझ्याशी मनातल्या मनात किती वर्षं भांडले असेन. आमच्यात म्हणजे कुणात गं? तुझं घर करपलेल्या खिचडीचं.

पण त्याहून मोठा घाव तंबूतच बसला होता. आई रडत नव्हती. तोंडाला पदर लावून हसत होती, लाजत होती. शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसून म्हणाली, "माझी लेक हाय ती." त्या बाईने माझ्याकडे बोट केलं, "आन् ही?" आई म्हणाली, "ही बी हाय."

ते 'बी' मी घरी येईपर्यंत गाडीत चघळत होते. अजून चघळतेय.

तू फक्त घेतलंस असं मी म्हणत नाही. आमचे हे गेले तेव्हा तू चालू काम टाकून नगरला माझ्या घरी आलीस आणि दहावा होईपर्यंत राहिलीस. पहाटे उठून माझ्या अंगणात भांडी घासलीस. भेटायला येणाऱ्या बायका मला दोन शब्द बोलायच्या आणि मग तुझ्याकडेच टक लावून बसायच्या. पडद्यावरची आई आमच्या अंगणात बसून पातेलं घासतेय, हे त्यांना खरं वाटत नव्हतं. तेव्हाही मला राग आला, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही म्हणून मला जरा मोकळं रडता आलं. एवढा उपकार तुझ्या प्रसिद्धीने माझ्यावर केला. तू निघालीस त्या दिवशी मी एसटी स्टँडवर तुझा हात सोडत नव्हते, हेही खरंच आहे. दोन्ही खरं असतं, कुमे. शिक्षक म्हणून मी मुलांना एकच उत्तर बरोबर असतं असं शिकवलं, ते चुकीचं होतं.

मग टीव्ही आला. दादा वारले होते आणि आई माझ्याकडे नगरला राहायला आली होती. आमच्या घरात ब्लॅक अँड व्हाइट संच, आणि आठवड्यातून एकदा तुझी मालिका. आई त्या दिवशी लवकर जेवून, चूळ भरून, नवं लुगडं नेसून बसायची. मी म्हणायचे, अगं, ती तुला बघत नाही. आई म्हणायची, "आसू दी. आपुन तर बघतुया न्हवं." मालिकेतही तू तेच करत होतीस. पाहुण्याला अख्खी, घरच्याला मोडून. दर दोन-तीन भागांनी एकदा तरी.

आणि एक दिवस शाळेत, मधल्या सुट्टीत, नव्या आलेल्या बाईंना मी माझ्या डब्यातली पोळी दिली. सवयीने हातावर मोडून अर्धी दिली. तर त्या टाळी वाजवून सगळ्यांना म्हणाल्या, "अय्या, सरस्वतीबाई बघा, अगदी मालिकेतल्या आईची नक्कल करतात!" सगळ्या हसल्या. मी माझ्याच आईची लेक, माझ्याच डब्यातली पोळी, आणि नक्कल मी करत होते!

त्याच महिन्यात कुणीतरी नगरला तुझा सत्कार ठेवला. सत्कार उरकून तू शाल-श्रीफळासकट माझ्याकडे आलीस. आई तेव्हा माझ्या धाकट्या भावाकडे तिसगावला गेली होती. आपण दोघीच स्वयंपाकघरात. चहा उकळत होता. मी तुझ्याकडे पाठ करून म्हणाले, "कुमे, माझी आई सोड आता."

तू म्हणालीस, "म्हणजे गं?"

म्हटलं, "तिची भाकरी, तिचं बोलणं, तिचं ते पाठ फिरवणं. किती वर्षं खाणार त्याच्यावर? तुझं स्वतःचं काही आहे की नाही?"

मला वाटलं होतं, तू भांडशील. तुझं तोंड काही बांधलेलं नव्हतं. तू म्हणायला हवं होतंस, की ती माझीपण आई आहे. त्यावर काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. पण तू चहा गाळून घेतलास, दोन कपांत ओतलास आणि म्हणालीस, "सोडली."

एवढंच. वाद सुरू होण्याआधीच तू तो मिटवलास आणि मला कायमची वादात ठेवलंस.

तू शब्दाची पक्की. पुढच्या भागांपासून मालिकेतल्या आईने ते सगळं टाकलं. बोलणं जरा शहरी केलंस. भाकरी सगळ्यांनाच अख्खी. लोकांना काही जाणवलं नसेल, पण मला दिसत होतं. तुझं काम कोरडं पडलं होतं. हात काय करावं ते न सुचून नुसते पदराशी चाळा करत होते. ते बघून मला बरं वाटत होतं. हेही लिहून टाकते. गार वाटत होतं.

आणि आणखी एका माणसाला दिसत होतं. आई तिसगावहून परत आली, दोन भाग तिने बघितले. तिसऱ्याला म्हणाली, "सरे, कुमी समद्यांला अख्खी वाढाया लागली गं. पोराला बी अख्खी. तिला कोन काय बोललं का?"

मी म्हणाले, "अगं, ते लिहून देतात तसं करावं लागतं."

"न्हाई," आई म्हणाली, "तिचं त्वांड बघ की. लेकरू भ्यालंय." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला आंतर्देशीय पत्र घेऊन बसवलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे तुला माहीत आहे. ती भिंतीला टेकून डोळे मिटून सांगत गेली आणि मी लिहीत गेले. फक्त मी ते लिहिलं नाही. मी लिहिलं, 'आई बरी आहे. पाऊस बेताचा आहे. तुझी मालिका बघतो. धाकट्याला मुलगा झाला.' आई म्हणाली, वाचून दाखव. मी कागद समोर धरला आणि तिने सांगितलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. मुलांच्या कविता पाठ करून घेणारी बाई मी. आईने मान डोलावली, पत्राला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, "आता बघ, पुढल्या येळंला नीट करंल."

तुझं उत्तर आलं. 'बाळाला आशीर्वाद, आईंना नमस्कार.' आईंना! आई दर आठवड्याला नवं लुगडं नेसून बसत राहिली. तू काही नीट केलं नाहीस. तू कसं करणार? पाच-सहा महिन्यांनी ती म्हणाली, "व्हतंय आसं. मोठी मानसं झाली." मग ती टीव्हीपुढे बसेनाशी झाली. पुढच्या वर्षी गेली.

तेराव्याला तू आलीस. केस पिकलेले, न रंगवता आलीस. सगळे गेल्यावर माझ्याजवळ सरकून तू विचारलंस, "सरे, आई माझ्याबद्दल कधी काही म्हणाली का गं? बघायची ना मला?"

मी म्हणाले, "बघायची. म्हणाली नाही काही."

तू मान हलवलीस आणि बराच वेळ माझी पाठ थोपटत राहिलीस. पाठ कुणाची थोपटत होतीस, हे तुला माहीत नव्हतं.

त्यानंतर चाळीसच्या आसपास वर्षं होती, कुमे. तू कितीदा आलीस, कितीदा फोन केलास. रंगीत मालिकांमध्ये तू सोफ्यावर बसणारी आजी झालीस आणि मी तुला फोनवर विचारायचे, दिवसभर जपमाळ ओढून हात नाही का दुखत? आपण हसायचो. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. पण सांगितलं असतं, तर आईने तुझ्यासाठी ठेवलेलं तुला मिळालं असतं. माझ्याकडे तेवढं एकच होतं, जे तुझं असून तुझ्याकडे नव्हतं. ते मी दाबून ठेवलं.

आता दाबून काय करू. सांगते. आईने भिंतीला टेकून, डोळे मिटून सांगितलं ते हे. तिच्याच बोलीत लिहिते. माझ्या हाताला आता ती बोली अवघड जाते, पण हे पाठ आहे.

'कुमे, तुला कोन काय बोललं आसंल तर ध्यान दिऊ नगं. तू माझ्यावानी करती त्येचा मला राग न्हाई. मला लई बरं वाटतंय. म्या काय शिकल्याली न्हाई, माझं कुटं काय ऱ्हानार न्हाई, तू करती तेवढंच ऱ्हाईल. तवा करीत जा. आमच्या सरूला ह्यातलं काय आठवत बी नसंल, ती आता सायब झाली. तू ध्यानात ठिवलंस.'

'सरूला काय आठवत बी नसंल', हे मला माझ्या हाताने लिहावं लागणार होतं, कुमे. मला सगळं आठवत होतं. तेच तर तिला सांगता आलं नाही, आणि म्हणून तुला लिहिता आलं नाही.